अणुशक्तीवर चालणारे अवकाशयान: आश्वासन कितपत खरे आणि धोका नेमका कोठे?

प्रश्न: ध्रुवमत्स्य

नमस्कार.

अणुशक्तीवर चालणाऱ्या अवकाशयानांविषयीच्या बातम्या गेली काही वर्षे सातत्याने वाचनात येत आहेत, परंतु त्यांतून एकसंध चित्र उभे राहत नाही. नासा आणि दार्पा या अमेरिकी संस्थांनी २०२३ मध्ये ‘ड्रेको’ या प्रकल्पासाठी हातमिळवणी केली, अणुभट्टीवरचे इंजिन २०२७ च्या सुमारास प्रत्यक्ष अवकाशात चालवून दाखवण्याचे ठरवले, आणि २०२५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळलाही गेला. मंगळावर ४५ दिवसांत पोहोचता येईल असे दावे मात्र छापून येतच राहिले. हे तंत्रज्ञान साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते असे काही जण सांगतात, तर ते अजून प्रयोगावस्थेत आहे असे काही जण म्हणतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात?

मला मुख्यतः दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक किलोग्रॅम युरेनियममध्ये तेवढ्याच रासायनिक इंधनाच्या लाखो पट ऊर्जा असते, हे शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग अणुइंजिन नेहमीच्या इंजिनापेक्षा जेमतेम दुप्पट कार्यक्षम असेच का सांगितले जाते, आणि बाकीची ऊर्जा जाते कोठे? दुसरी गोष्ट धोक्याची. असे इंजिन घेऊन निघालेले रॉकेट उड्डाणातच फुटले तर काय, ही भीती सर्वत्र व्यक्त होते. ती कितपत साधार आहे? जाणकारांनी आकड्यांसह लिहिले तर उपकार होतील, कारण नुसते ‘भविष्य उज्ज्वल आहे’ किंवा ‘हे भयंकर आहे’ असे सांगणारे लेख पुष्कळ वाचून झाले आहेत.

प्रतिसाद: व्याध

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की ती ऊर्जा कोठेही जात नाही. ती झपाट्याने बाहेर काढून वापरण्याचा मार्गच आपल्याकडे नाही. रॉकेट पुढे सरकते ते काहीतरी मागे फेकून, आणि जवळ अणुभट्टी असली म्हणून या नियमातून सुटका होत नाही. औष्णिक अणुइंजिनात युरेनियम मागे फेकले जात नाही, ते भट्टीच्या गाभ्यातच राहते. टाकीतला द्रवरूप हायड्रोजन त्या गाभ्यातल्या बारीक वाहिन्यांमधून जाताना तापतो आणि नोझलमधून प्रचंड वेगाने बाहेर पडतो. इंधन संपण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. संपतो तो हायड्रोजन.

आता झोताचा वेग कशावर ठरतो ते पाहा. तो तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूच्या सरासरी रेणुभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. तापमानाला तर मर्यादा आहे, कारण गाभा घनरूपच राहिला पाहिजे; २५०० ते २७०० केल्विन हा आजच्या पदार्थांच्या सहनशक्तीचा काठ समजला जातो. उत्तम हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाच्या ज्वलनकक्षात याहून अधिक तापमान असते, म्हणजे अणुइंजिनाचा झोत उलट थोडा थंडच असतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नेहमी चमत्कारिक वाटते. सगळा लाभ रेणुभारातून मिळतो. रासायनिक इंजिनातून मुख्यतः पाण्याची वाफ बाहेर पडते, तिचा रेणुभार १८ आणि न जळलेला हायड्रोजन धरून मिश्रणाची सरासरी १३-१४. अणुइंजिनातून नुसता हायड्रोजन जातो, त्याचा रेणुभार २. म्हणून विशिष्ट आवेग, म्हणजे मागे फेकायच्या द्रव्याचा इंजिन किती चांगला उपयोग करते याचे सेकंदांतले माप, साधारण ४५० सेकंदांवरून ८५० ते ९०० सेकंदांवर जातो, आणि घन गाभ्याची भट्टी वापरायची तर त्याच्या फार पुढे जात नाही.

‘सिद्ध झाले’ आणि ‘प्रयोगावस्थेत आहे’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. अमेरिकेत १९५५ मध्ये ‘रोव्हर’ प्रकल्प सुरू झाला, पुढे त्यातून ‘नर्व्हा’ हे इंजिन आकाराला आले आणि १९७३ च्या आरंभी सगळे थांबवण्यात आले. दरम्यान नेव्हाडाच्या वाळवंटात सुमारे वीस भट्ट्या चालवून पाहिल्या गेल्या. त्यांपैकी फीबस-२ए ही भट्टी १९६८ च्या जूनमध्ये ४००० मेगावॅटहून अधिक औष्णिक शक्तीवर बारा मिनिटे चालली. एक हजार मेगावॅट वीज देणाऱ्या अणुवीज केंद्रातली भट्टीसुद्धा सुमारे तीन हजार मेगावॅटच उष्णता निर्माण करते. १९६९ मधले एक्सई-प्राइम हे इंजिन तर २८ वेळा सुरू करून बंद केले गेले. सोव्हिएत संघानेही आरडी-०४१० या इंजिनासाठी सेमिपलातिन्स्क येथे चाचण्या केल्या. परंतु हे सारे जमिनीवर झाले. औष्णिक अणुइंजिन एकदाही अवकाशात गेलेले नाही. शिवाय त्या भट्ट्यांमध्ये तापलेला हायड्रोजन ग्राफाइटच्या गाभ्याला खात असे. त्यावर कार्बाइडचा लेप देत, पण तापमानाच्या चढउतारात लेपाला तडे जात आणि गाभा झिजे. हा प्रश्न पुरता सुटण्यापूर्वीच पैसा थांबला.

विशिष्ट आवेग दुप्पट झाल्याने काय साधते, याचे एक गणित मांडतो. समजा यानाचे प्रणोदक (म्हणजे मागे फेकायचे द्रव्य) वगळता वजन १०० टन आहे आणि त्याच्या वेगात एकूण ८ किलोमीटर प्रतिसेकंद इतका बदल घडवायचा आहे. ४५० सेकंदांच्या इंजिनाला त्यासाठी सुमारे ५१३ टन प्रणोदक लागेल, ९०० सेकंदांच्या इंजिनाला सुमारे १४७ टन. फरक डोळ्यांत भरणारा आहे. आता आकारमान पाहा. द्रवरूप हायड्रोजनची घनता घनमीटरला केवळ ७१ किलोग्रॅम आहे, म्हणून त्या १४७ टनांना सुमारे २०७० घनमीटर जागा लागते. रासायनिक यानाचा ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून ५१३ टन मात्र सुमारे १४२० घनमीटरांत बसतात. वजन एक-तृतीयांशाहून कमी, पण टाकी जवळजवळ दीडपट. मोठी टाकी म्हणजे अधिक धातू आणि अधिक उष्णतारोधक आवरण, त्यात भट्टीचे व किरणोत्सार अडवणाऱ्या ढालीचे वजन मिळवा, आणि वरच्या आकड्यांतली बरीच शोभा ओसरते. लाभ उरतोच, पण तो बातम्यांत वाटतो तेवढा उरत नाही.

प्रतिसाद: अगस्त्य

धोक्याविषयी लिहितो. माझ्या मते सर्वसाधारण चर्चेत भीती चुकीच्या ठिकाणी केंद्रित झालेली आहे.

कधीही न चालवलेली अणुभट्टी फारशी किरणोत्सारी नसते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे आहे. इतक्या सावकाश क्षय पावणाऱ्या पदार्थापासून होणारा किरणोत्सार अल्पच. याउलट दूरच्या ग्रहांकडे जाणाऱ्या यानांत वीजनिर्मितीसाठी वापरतात त्या प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य ८८ वर्षांच्या आसपास आहे, आणि १९९७ मध्ये निघालेल्या कॅसिनी यानावर त्याचे सुमारे ३३ किलोग्रॅम डायऑक्साइड होते. म्हणजे किरणोत्साराच्या दृष्टीने नव्या भट्टीपेक्षा कितीतरी अधिक तीव्र असा माल आपण याआधीच अवकाशात पाठवलेला आहे. उड्डाणातच रॉकेट फुटून न चालवलेल्या भट्टीचे तुकडे विखुरले, तर ती महागडी आणि राजकीयदृष्ट्या लाजिरवाणी घटना ठरेल, पण चेर्नोबिल ठरणार नाही.

उड्डाणाच्या वेळची खरी चिंता निराळी आहे. गाभा अखंड राहून समुद्रात किंवा ओल्या वाळूत पडला, तर पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, आणि जी भट्टी बंद ठेवली होती तिच्यात साखळी अभिक्रिया आपोआप सुरू होऊ शकते. त्यामुळे न्यूट्रॉन शोषणारे घटक अपघातातही जागचे हलणार नाहीत अशी रचना करणे हे आराखड्यातले एक अत्यंत अवघड काम असते.

भट्टी एकदा चालली की मग सगळे चित्र पालटते. विखंडनातून सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० यांसारखी द्रव्ये तयार होतात, त्यांची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास असतात, आणि अशी वापरलेली भट्टी पृथ्वीवर परत येता कामा नये. हे कल्पनेतले संकट नव्हे. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा टेहळणी उपग्रह २४ जानेवारी १९७८ रोजी आपल्या भट्टीसह उत्तर कॅनडावर कोसळला आणि त्याचे किरणोत्सारी अवशेष सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले. काम संपल्यावर भट्टी वेगळी होऊन उंच कक्षेत जाईल अशी योजना होती. ती पार पडली नाही. कॅनडाने साठ लाख डॉलरांहून अधिक भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली. तो प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य होता, हे केवळ नशीब.

म्हणूनच भट्टी पुरेशा उंच कक्षेत पोहोचल्याशिवाय सुरू करायची नाही, हा आजच्या सर्व आराखड्यांचा पाया आहे. अमेरिकेची स्नॅप-१०ए ही भट्टी १९६५ मध्ये सुमारे १३०० किलोमीटर उंचीवर ४३ दिवस चालली, यानातल्या विजेच्या नियंत्रकात बिघाड झाल्याने कायमची बंद पडली, आणि ती आजही तेथेच फिरते आहे. त्या उंचीवरून खाली यायला तिला हजारो वर्षे लागतील.

आता एक धोका असा, की ज्याची चर्चा जवळपास होतच नाही: जमिनीवरच्या चाचण्यांचा. साठच्या दशकात भट्टीतून निघालेला हायड्रोजन सरळ हवेत सोडत असत, आणि झिजलेल्या गाभ्याचे कण त्याबरोबर जात. १९६५ मध्ये फीबस-१ए च्या चाचणीत हायड्रोजनचा साठा संपला, गाभा अतितप्त होऊन उद्ध्वस्त झाला आणि परिसर स्वच्छ करावा लागला. त्याच वर्षी ‘किवी’ नावाच्या मालिकेतली एक भट्टी तर मुद्दाम अनियंत्रित करून फोडण्यात आली, अपघातात काय होईल हे पाहण्यासाठी. आज यांतले काहीही उघड्यावर करता येणार नाही. संपूर्ण झोत अडवून, थंड करून, गाळून घेणारी चाचणीशाळा उभारावी लागेल, आणि ती इंजिनाइतकीच महाग पडू शकते. हा खर्च वाचवण्यासाठी पहिली पूर्ण चाचणी थेट कक्षेत घ्यावी, असा विचार पुढे येतो. मला स्वतःला तो अजिबात पटत नाही, कारण बिघडलेली भट्टी जेथे कोणी उघडून पाहू शकत नाही, अशाच ठिकाणी ती पहिल्यांदा बिघडू द्यायची, असा त्याचा अर्थ होतो.

अंतराळवीरांच्या बाबतीत मात्र हिशोब उलटाही निघू शकतो. क्युरिऑसिटी यानातल्या उपकरणाने मंगळाच्या वाटेवर जे मोजले, त्यावरून केवळ जाण्यायेण्याच्या प्रवासात सुमारे ०.६६ सीव्हर्ट इतकी किरणमात्रा मिळेल असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ०.६ सीव्हर्ट आहे. वैश्विक किरणांपासून बचावाचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रवास लवकर संपवणे, आणि भट्टी जर त्याला मदत करत असेल, तर तीच किरणोत्साराचा एकूण धोका कमी करणारी ठरेल.

प्रतिसाद: शर्मिष्ठा

४५ दिवसांच्या दाव्याविषयी थोडक्यात लिहिते. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या अगदी जवळ येतात तेव्हाही त्यांच्यात साडेपाच कोटी किलोमीटरांच्या आसपास अंतर असते. ते ४५ दिवसांत सरळ रेषेत कापायचे म्हटले, तरी सरासरी वेग सेकंदाला १४ किलोमीटर लागतो. हा अगदी ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्ष मार्ग वक्र आणि अधिक लांब असतो. एवढा वेग घ्यायचा आणि पोहोचल्यावर तेवढाच कमी करायचा, म्हणजे २८ किलोमीटर प्रतिसेकंदाच्या घरातला बदल झाला. व्याध यांच्या ९०० सेकंदांच्या इंजिनाला त्यासाठी यानाच्या वजनाच्या वीस पटींहून अधिक हायड्रोजन लागेल. हे जमणारे नाही.

म्हणून असे दावे करणारे लोक बहुधा दुसऱ्या प्रकाराचा आधार घेतात: भट्टीपासून वीज आणि विजेवर आयन इंजिन, म्हणजे विद्युतभारित कण वेगाने मागे फेकणारे इंजिन. तेथे विशिष्ट आवेग हजारो सेकंदांचा असतो, पण रेटा अत्यल्प. लघुग्रहांकडे गेलेल्या डॉन यानाचे आयन इंजिन ९० मिलिन्यूटन रेटा देत असे, म्हणजे तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या दोन तावांचा भार. माणसांना नेणाऱ्या यानासाठी एक-दोन मेगावॅट तरी वीज हवी. आजवर कक्षेत गेलेल्या भट्ट्यांपैकी सर्वांत शक्तिशाली ठरलेल्या सोव्हिएत टोपाझ भट्ट्या, १९८७ मधल्या, सुमारे पाच किलोवॅट देत होत्या. झेप दुपटीची नाही, काही शेकडो पटींची आहे.

आणि उष्णता कोठे टाकायची? चतुर्थांश उष्णतेची वीज झाली असे धरले, तर एक मेगावॅट विजेमागे तीन मेगावॅट उष्णता उरते, आणि निर्वात जागेत ती केवळ प्रारणानेच बाहेर जाऊ शकते. ५०० केल्विनवर असलेला, दोन्ही बाजूंनी प्रारण करणारा आदर्श रेडिएटर घेतला, तरी सव्वाचारशे चौरस मीटर लागतात. रेडिएटर अधिक तापवला तर तो लहान होतो, पण मग वीजनिर्मितीची कार्यक्षमता घसरते. या ओढाताणीतून मेगावॅटची भट्टी हलकी करून दाखवणे हेच या क्षेत्रातले खरे काम आहे, आणि ते ‘अमुक दिवसांत मंगळ’ अशा मथळ्यांतून कधीच दिसत नाही.

प्रतिसाद: मृग

व्याध यांच्या गणितात एक बाजू राहिली आहे, ती म्हणजे वेळेची. हायड्रोजन २० केल्विनला उकळतो. मंगळमोहीम दोन ते तीन वर्षांची असते, कारण परतीसाठी ग्रहांची अनुकूल स्थिती यावी लागते आणि ती साधारण २६ महिन्यांनी येते. परतीचा हायड्रोजन एवढा काळ कक्षेत न उडता टिकवायचा, तर सतत चालणारी शीतयंत्रे हवीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२१ मध्ये दिलेल्या अहवालातही प्रणोदक सुमारे २७०० केल्विनपर्यंत तापवणे आणि द्रवरूप हायड्रोजन दीर्घकाळ साठवणे, या दोन्ही गोष्टी औष्णिक अणुइंजिनापुढची मुख्य आव्हाने म्हणून नोंदवल्या आहेत. एका टोकाला २० केल्विन आणि काही मीटरांवर २७०० केल्विन असे ते यंत्र आहे.

दुसरे असे, की अणुइंजिनाचा सगळा युक्तिवाद ‘कक्षेत वजन नेणे महाग आहे’ या गृहीतकावर उभा आहे. पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटांनी ते गृहीतक हलवले. प्रणोदक कक्षेत नेणे स्वस्त झाले आणि मिथेन-ऑक्सिजनवर चालणारे यान तेथेच पुन्हा भरून घेता आले, तर चौपट प्रणोदक लागले म्हणून बिघडते कोठे? ड्रेको बंद होण्यामागे उड्डाणखर्चातली घट हे एक कारण सांगितले गेले, आणि मला ते प्रामाणिक वाटते. गुरू-शनीपलीकडच्या मोहिमांसाठी अणुऊर्जा हवीच, तेथे सूर्यप्रकाश पुरत नाही. मंगळासाठी भट्टी हवीच, असे मात्र आता ठामपणे म्हणता येत नाही.

ध्रुवमत्स्य

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टाकीच्या आकारमानाचा आणि जमिनीवरच्या चाचण्यांचा मुद्दा मी यापूर्वी कोठेही वाचला नव्हता. अगस्त्य यांना एक पुरवणी प्रश्न विचारतो: वापरलेली भट्टी परत येता कामा नये, असे तुम्ही लिहिले आहे. हे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे की प्रत्येक देशाच्या सद्बुद्धीवर सोडलेले आहे?

प्रतिसाद: अगस्त्य

बरेचसे सद्बुद्धीवर. १९६७ च्या अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई केली, अणुभट्ट्यांना नाही. १९७२ च्या दायित्व करारानुसार यानामुळे पृथ्वीवर नुकसान झाले तर ते सोडणारा देश, त्याचा दोष असो वा नसो, भरपाईस बांधील असतो. परंतु अवकाशात दुसऱ्याच्या यानाला इजा झाली, तर दोष सिद्ध करावा लागतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १९९२ मध्ये अवकाशातल्या अणुऊर्जास्रोतांविषयी तत्त्वे संमत केली. नियोजित कक्षेत किंवा आंतरग्रहीय मार्गावर पोहोचण्यापूर्वी भट्टी क्रांतिक होऊ द्यायची नाही, म्हणजे तिच्यात स्वतःहून चालू राहणारी साखळी अभिक्रिया सुरू होऊ द्यायची नाही, आणि खालच्या कक्षेत वापरली तर नंतर ती पुरेशा उंच कक्षेत ठेवायची, असे त्यांत आहे. पण एक तर ही तत्त्वे बंधनकारक नाहीत, आणि दुसरे म्हणजे त्यांच्या प्रस्तावनेतच ती प्रणोदनाखेरीज अन्य कारणांसाठी यानावर वीज निर्माण करणाऱ्या स्रोतांना लागू आहेत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आपण ज्या इंजिनाविषयी बोलतो आहोत, ते या तत्त्वांच्या व्याप्तीबाहेरच राहिले. आणखी एक विसंगती अशी, की त्या तत्त्वांनुसार भट्टीत अतिसमृद्ध युरेनियम-२३५ हेच इंधन वापरायचे. आज मात्र शस्त्रांसाठी वळवता येऊ नये म्हणून २० टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियमकडे कल आहे. अमेरिकेच्या २०१९ च्या नियमावलीत अतिसमृद्ध युरेनियमची भट्टी पाठवायची असेल तर सर्वांत कडक श्रेणीची तपासणी लागते.

मंगळाकडे जाणाऱ्या यानाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती परतीची. तेव्हा भट्टी दीर्घकाळ चाललेली, पूर्णपणे किरणोत्सारी असते आणि यान पृथ्वीच्याच दिशेने आंतरग्रहीय वेगाने येत असते. पृथ्वीच्या कक्षेत थांबण्यासाठी तीच भट्टी पुन्हा सुरू करावी लागते. त्यामुळे मार्ग असा आखावा लागेल, की इंजिन सुरू झाले नाही तर यान पृथ्वीला चुकवून पुढे निघून जाईल, आणि माणसांसाठी स्वतंत्र, लहान परतयान असेल. पृथ्वीजवळ येताच अंतराळवीरांना त्यातून उतरवायचे आणि भट्टीसह उरलेले यान सूर्याभोवतीच्या कक्षेत सोडून द्यायचे, हा सर्वांत सुरक्षित पर्याय दिसतो. पण मग प्रत्येक मोहिमेला नवे इंजिन आणि नवी भट्टी लागेल, आणि मृग यांनी मांडलेला खर्चाचा प्रश्न होता त्याहून अधिक बिकट होईल.